येळ्ळूरच्या टाकीतला भाडेकरू

मी नोकरी काय करतो, हे आमच्या येळ्ळुरात अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. लग्न ठरवताना मामानं 'दवाखान्यात मोठ्या पोस्टवर हाय' एवढंच सांगून टाकलं होतं. पुढं एकदा शेजारणीनं खोदून विचारलं, तेव्हा माझ्या बायकोनं, मालननं, दिलेलं उत्तर मी दाराआडून ऐकलं.

"काय न्हाई गं, डोळ्याला दिसत न्हाईत असली जनावरं हाईत थितं. त्येंना वैरण घालायची आन् घाण काढायची."

सव्वीस वर्षांत माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या कुणी केलेली नाही.

बेळगावच्या एका मेडिकल कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी तंत्रज्ञ आहे. आमच्याकडं जनावर म्हणजे अमीबा आणि वैरण म्हणजे जीवाणू. काचेच्या झाकणाच्या बशीत चायना ग्रासचा पातळ थर ओतायचा. त्यात खाण्याजोगं काही घालायचं नाही. वर जीवाणूंचं दाट पाणी पसरायचं, चिखलात भाताचं बी फेकल्यासारखं. मधोमध थेंबभर अमीबा सोडायचे आणि झाकण लावून उबेला ठेवायचं. दोन-तीन दिवसांनी बघावं, तर मंडळी मधून बाहेरच्या अंगाला चरत गेलेली असतात आणि मागं मोकळं रान. चारा संपायच्या आत त्यांना दुसऱ्या बशीत हलवायचं. नाही हलवलं तर रुसतात. अंग आक्रसून घेतात, भोवती दुहेरी भिंतीचं कवच बांधतात आणि आत बसून राहतात. महिनोन् महिने. खाणं नको, हलणं नको, कुणाशी बोलणं नको.

हा प्राणी मला पहिल्यापासून आवडला तो यामुळंच. मी स्वतः नऊ वर्षं तसाच बसून होतो. ते कवच आता फोडायचं आहे, पण आधी धंद्याची थोडी ओळख करून देतो. तेवढाच वेळ काढता येतो.

अमीबा म्हटलं की लोक पोटावर हात ठेवतात. कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार दोन-तीन महिन्यांनी डबी घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी यायचे.

"काय परशराम, शत्रू सापडला का?"

"न्हाई साहेब, सगळं क्लिअर हाय."

"नीट बघ. आत हालचाल आहे."

त्यांना हवा असलेला अमीबा वेगळा, आतड्यात राहून आमांश करणारा. आम्ही सांभाळतो तो टाकीतला, नळातला, चिखलातला. त्याला राहायला माणसाचं पोट लागत नाही. एकदा त्यांना गप्प करावं म्हणून मी आमचा अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. अंगावर काट्यांसारखी टोकं, आत एक फुगा फुगतोय आणि मिटतोय, सगळा देह ओतल्यासारखा पुढं सरकतोय. सुभेदार पाच मिनिटं वाकून बघत राहिले आणि मान वर करून म्हणाले, "कवायत येत नाही, पण माघार घेत नाही." त्यानंतर डबी आणणं बंद झालं. नुसतेच अमीबा बघायला येऊ लागले.

पण हाच गरीब प्राणी डोळ्यात शिरला की हैदोस घालतो. कॉलेजात शिकणारी एक मुलगी डोळ्यांत लेन्स घालायची आणि लेन्सची डबी नळाच्या पाण्यानं विसळायची. डोळा लालभडक झाला, थेंब घालून घालून थकली, उतार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळावरचा खरवडलेला कण आमच्याकडं पाठवला. मी वैरण पसरून त्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशी रानात पायवाटा उमटल्या. औषध बदललं, नजर वाचली. तिचे वडील कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आले आणि हळूच विचारलं, "तो किडा मेला ना हो?"

"न्हाई की. चांगला हाय. हितंच मागच्या कपाटात ठेवलाय, बघणार?"

कुंदा टेबलावर ठेवून ते जे गेले, ते मागं वळून न बघता.

आता मुद्द्याचं. अमीबा जीवाणू खातो हे अर्धंच खरं. गिळलेल्यांपैकी एखादी जात त्याला पचत नाही. ती आत जाऊन तिथंच संसार थाटते. त्यातही दोन तऱ्हा. एक गुमान राहणारी. अमीबाचे दोन तुकडे होऊन दोन अमीबा झाले की हे भाडेकरूही वाटणी करून दोन्हीकडं राहायला जातात, तक्रार नाही. दुसरी तऱ्हा वाढत वाढत घरमालकालाच फोडून बाहेर पडते आणि पुढचं घर शोधते. हे फोडणारे भाडेकरू पाण्याच्या तुषारातून एखाद्या म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या छातीत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. कारण आपल्या फुफ्फुसातही घाण गिळणाऱ्या पेशी असतात. त्या अमीबासारख्याच गिळतात आणि तशाच फसतात. या जंतूंची तालीम अमीबाच्या पोटात झालेली असते. वर आणि अमीबा कवचात गेला की भाडेकरूही आत. बाहेर ब्लिचिंग पावडर बोंबलत बसते, आत दोघं खुशाल.

कोण कुणाच्यात राहतंय, कुणी कुणाला गिळलंय आणि खरा मालक कोण, हे सीमाभागातल्या माणसाला जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या विभागप्रमुख सुमंगला मॅडम यांना या भाडेकरूंचं वेड. माहेर धारवाडकडचं, मातृभाषा कन्नड, मराठी आमच्याकडूनच शिकलेल्या, त्यामुळं शिव्यांसकट चांगली. शहरातल्या टाक्यांतले अमीबा गोळा करायचे आणि त्यांच्या पोटात कोण राहतंय ते बघायचं, असं काम त्यांनी काढलं होतं. सुरुवात एका खासगी हॉस्पिटलपासून झाली. तिथल्या पाण्याचा कारभारी भरमाण्णा.

भरमाण्णा निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत होते, आई विड्या वळायची. हा मात्र लहानपणापासून मोटारी, पाइप आणि टाक्यांत रमलेला. हॉस्पिटलच्या गच्चीवर चार टाक्या होत्या आणि चारींवर याचा जीव. मी नमुना घ्यायला गेलो, तर मला चप्पल काढायला लावली.

"गच्चीवर कसली चप्पल काढायची रं?"

"टाकीजवळ जायाचं हाय न्हवं? देवळात काढतोस न्हवं?"

मी बाटली भरत होतो तोवर शेजारी उभा राहिला. "काय गावलं तर सांग. आन् न्हाई गावलं तरी सांग. न्हाई गावलं की लोकं सांगायलाच येत न्हाईत."

तो बोलका, मी मुका. त्यामुळं दोस्ती लगेच जमली.

तिसऱ्या टाकीच्या नमुन्यात अमीबा आले. त्यात भरमाण्णाचा दोष काही नव्हता, अमीबा कुठल्याही टाकीत थोडेफार निघतातच. बशांवर मी 'हॉ-३' लिहिलं. एक काचपट्टी रंगवून पाहिली. पोटं रिकामी, भाडेकरू कुणी नाही. तिच्यावरही 'हॉ-३' लिहून ती पेटीत ठेवली. मॅडम मुलीच्या बाळंतपणासाठी महिन्याच्या रजेवर होत्या. आल्यावर दाखवू म्हटलं.

मध्ये आली गावची जत्रा. येळ्ळूरचा माणूस जत्रेला आला नाही तर तो आजारी आहे असं समजतात, आणि जत्रेतल्या कुस्त्यांना आला नाही तर मेला असं. निघण्याआधी टेबल साफ करणं भाग होतं. आमच्याकडं वापरलेल्या बशा तशाच फेकत नाहीत. ऑटोक्लेव्ह नावाचा एक मोठा कुकर असतो, त्यात दाबाच्या वाफेवर शिजवून मग फेकायच्या. फेकायच्या बशा लाल बादलीत आणि जपायच्या ट्रेमध्ये, हा नियम मीच नवीन पोरींना शिकवतो. त्या दिवशी मला दुपारची बस धरायची होती. बादली उचलली, ट्रेवरच्या बशाही तिच्यावर रचल्या, सगळं कुकरात घातलं, झाकण आवळलं. तास-दीड तासानं उघडलं, तेव्हा सगळ्यात वरच्या बशीवर माझंच अक्षर. वाफेनं शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. हॉ-३.

त्या कुकरातून कवचातला अमीबासुद्धा वाचत नाही. चमच्यानं खावी अशी खीर झाली होती.

जत्रा झाल्यावर पहिला हॉस्पिटलात गेलो. नवीन नमुना घेऊ, कुणाला कळणार आहे? गच्चीवर भरमाण्णा छाती काढून उभा. "परवाच चारी टाक्या उपसल्या, घासल्या, पावडर मारली, दोन डाव धुतल्या. आता बघू तुझं काय गावतंय त्ये!" मी एक सोडून तीन वेळा पाणी नेलं, तीन वेळा वैरण पसरली. वैरण जशीच्या तशी. एक जनावर येईल तर शपथ. स्वच्छ पाण्याचा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता.

मॅडम यायला आठवडा उरला. त्या संध्याकाळी परसातल्या टाकीवर तोंड धुवायला गेलो. सिमेंटची टाकी, झाकण नावापुरतं, कडेला बोटभर हिरवं शेवाळ. मी त्या शेवाळाकडं बघत उभा राहिलो. मग आत जाऊन बाटली आणली आणि खरवडायला बसलो.

मालन म्हणाली, "आता घरचं शेवाळ पण त्येंना नेऊन घालताय काय?"

"व्हय. पावणे येणार हाईत."

चार दिवसांत बशीत अमीबा बागडायला लागले. बशीवर मी लिहिलं, हॉ-३. लिहिताना हात थरथरला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःलाच सांगत होतो की थरथरला होता.

माझा विचार साधा होता. अमीबा तो अमीबा. त्याच्या पोटात काही नसणार, मॅडम तसं लिहितील, विषय संपेल. मॅडम आल्या, काचपट्टी रंगवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडल्या, "अय्यो शिवने! परशराम, इकडं या हो, बघा हो!"

मी बघितलं. माझ्या घरचा अमीबा पोटात अख्खी चाळ घेऊन फिरत होता. पुढच्या दोन दिवसांत कित्येक अमीबा फुटले. म्हणजे भाडेकरू फोडणाऱ्यातले. मॅडम आनंदानं आणि मी भीतीनं, दोघंही घामाघूम.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते खरं-खोटं नव्हे. आपण रोज ह्याच पाण्यानं आंघोळ करतोय, हे आलं. घरी जाऊन टाकी उपसायला घेतली. मालन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लगीन झाल्यापास्नं कानीकपाळी वरडतोय, टाकी धुवा, टाकी धुवा. आज कसं काय सुचलं?" मी म्हटलं, "पावणे तक्रार करत होते."

मॅडमनी हॉस्पिटलला कळवलं. जपून कळवलं, घाबरू नका, उपाय करा, असं. पण त्याच दिवसांत तिथं एक म्हातारे गृहस्थ न्यूमोनियानं गेले होते. बैठकीत कुणीतरी दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या. मॅडम सांगत राहिल्या की याचा त्याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. पण माणूस गेलाय आणि टाकीत काहीतरी सापडलंय म्हटल्यावर टाकीवाला सापडायला किती वेळ लागतो? भरमाण्णाला बोलावून उभं केलं. मी मॅडमच्या मागं वही घेऊन बसलो होतो.

"साहेब, नुकत्याच धुतल्यात चारी टाक्या."

"म्हणजे त्याआधी धुतल्या नव्हत्या?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला चार शब्द पुरले असते, ते माझ्या टाकीतलं आहे. मी वहीत मान घातली.

त्याला पाण्यावरून काढून गाड्यांच्या स्टँडवर बसवलं. पंधरा दिवस बसला आणि सोडून निपाणीला निघाला. जायच्या आधी मला भेटायला आला. वाटलं, आता भांडतो. तर त्यानं एवढंच विचारलं, "परशराम, त्या म्हाताऱ्यांचं नाव काय होतं रं?"

मी म्हटलं, "म्हाईत न्हाई." तेही खोटं. नाव आमच्या रजिस्टरात होतं.

पुढची नऊ वर्षं मी नेहमीसारखी नोकरी केली. फक्त कोल्हापूरला जाताना बस निपाणीच्या स्टँडवर थांबली की पेपर तोंडासमोर धरायचो. एकदा उलटा धरला होता. कंडक्टरनं हातातून घेऊन सरळ करून दिला.

गेल्या वर्षी आमच्याकडं एम.डी. करणाऱ्या एका मुलीनं गावोगावच्या पाण्याचं काम घेतलं. यादीत येळ्ळूर. आमच्या गल्लीतल्या टाक्यांमधून तिनं जो भाडेकरू काढला, त्याची जनुकं बाहेर तपासून आली. मॅडमनी जपून ठेवलेल्या जुन्या हॉ-३ शी ताडून पाहिलं, तर सख्खा जुळा. मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते.

"परशराम, ही काय गंमत आहे हो? हॉस्पिटलच्या टाकीतलं येळ्ळूरला कसं गेलं?" आणि उत्तरही त्यांनीच शोधलं. "तो भरमाण्णा येळ्ळूरचा होता काय? त्याच्याच बादलीतनं, हातापायातनं इकडचं तिकडं झालं असणार. हौदा?"

हौदा, म्हणजे खरं ना? किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. मान हलवण्यात मी तरबेज.

"न्हाई मॅडम," मी म्हटलं. "भरमाण्णा निपाणीचा. येळ्ळूरचा मी."

त्यांना आधी कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं. "दार लावा," त्या म्हणाल्या. मी बाहेर जाऊन लावायला लागलो.

"आतून लावा हो!"

सगळं सांगितलं. कुकर, जत्रा, शेवाळ, तीन वेळा नेलेलं पाणी, पेटीतली जुनी काचपट्टी. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, "मग कुस्ती कोण जिंकलं?"

"बरोबरीत सुटली, मॅडम."

त्या हसल्या. हसायचं थांबल्यावर मात्र माझ्याकडं न बघता सूक्ष्मदर्शकावरचं झाकण काढलं. मग म्हणाल्या, "काचपट्टी आणा."

पेटीच्या तळातून मी ती जुनी काचपट्टी काढली. नऊ वर्षं ती मी दाखवलीही नव्हती आणि फेकलीही नव्हती. मॅडमनी दोन तास एकेक अमीबा तपासला. सगळ्यांची पोटं रिकामी. नंतर त्यांनी जुनं रजिस्टर मागवलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या बेडक्याचा तपास तेव्हा आमच्याकडंच झाला होता. त्यात वाढलेला जंतू न्यूमोनियाचा नेहमीचा, खोकल्यातून माणसाकडून माणसाकडं जाणारा. त्याचा ना टाकीशी संबंध, ना अमीबाशी. बैठकीत तो कागद कुणी मागितला नव्हता. रजिस्टरात ती ओळ लिहिलेली होती माझ्या हातानं. लिहिताना मी ती वाचली नव्हती, असं म्हणायची सोय आहे. पण आता सोयीचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

मॅडमनी हॉ-३ वर तेव्हा छापलेला आपला निबंध मागं घेतला. निवृत्तीच्या तोंडावर असं पत्र लिहिणं काय असतं, ते मी शेजारी उभं राहून बघितलं. कॉलेजला त्यांनी सगळं कळवलं. मला मेमो आला, आणि अमीबांच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. आता मी पुढच्या खिडकीत बसून लघवीच्या बाटल्यांवर नंबर टाकतो. सुभेदार एकदा खिडकीशी आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पोस्टिंग बदललं वाटतं."

हे झालं कागदावरचं. भरमाण्णाला सांगायचं राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मी पण येते." मी नको म्हटलं. त्यांना बघून तो चहापाण्याच्या गडबडीत पडला असता आणि मला पुन्हा एकदा मागं बसायची सोय झाली असती.

निपाणीच्या स्टँडवर उतरलो. तंबाखूच्या उग्र वासात गल्ल्या विचारत विचारत घर गाठलं. त्याची आई ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.

"भरमाण्णा हाय काय?"

"हाय की, जेवाय आलाय दुकानातनं. कोण आलंय म्हणून सांगू?"

"बेळगावचा परशराम."

तिचा हात थांबला. "पाणी तपासणारं?"

"व्हय."

"बसा." आणि आत तोंड करून, "भरमू, तुझा मैतर आलाय रं."

मैतर हा शब्द ऐकून परत फिरावंसं वाटलं. तोवर तिनं तांब्या पुढं केला. पाणी कोमट होतं. "उकळून गाळलंय, प्या. ह्येनं घरात नेमच लावलाय. कापडाच्या दुकानात कामाला जातोय, पर पाण्याच्या कामाला हात लावत न्हाई. घरची टाकीसुदीक बाहेरचा माणूस लावून धुवून घेतोय. गणपती तोंडावर आलं, त्यो माणूस आजून फिरकला न्हाई."

भरमाण्णा हात पुसत बाहेर आला. केस पांढरे झालेले. बसमध्ये मी बरीच वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना.

"भरमाण्णा, त्ये तुझ्या टाकीतलं न्हवतं. माझ्या टाकीतलं होतं."

मग सगळं सांगितलं. ज्या माणसाला मी कधी गप्प बघितला नव्हता, तो गप्प बसून ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "म्हंजे त्यावेळी तीन डाव पाणी नेलतंस, त्येच्यात?"

"काय गावलं न्हाई. एकदम स्वच्छ."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

"आन् त्ये म्हातारं?"

मी खिशातून रिपोर्टची नक्कल काढली आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितला. आजार दुसराच होता, टाकीचा नाही, तुझ्या हातानं काही झालेलं नाही. त्यानं कागद घेतला, उलटसुलट केला, परत माझ्या हातात दिला. "पुन्ना सांग." मी पुन्हा सांगितलं. "आनी एकदा."

तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा आई बोलली. विडीचा दोरा हातातच होता. "दरसाल पितरपाटाला ह्यो त्येंचं पान वाढतोय. माझ्या मालकांच्या शेजारी. नाव म्हाईत न्हाई, म्हणून 'बेळगावचं आजोबा' म्हणतोय आन् हात जोडतोय. नऊ वर्सं झाली."

मग मी रजिस्टरातलं ते नाव सांगितलं. भरमाण्णानं ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

"मारायचं असंल तर मार," मी म्हटलं.

"तुला मारून माझा हात कशाला घाण करू? तुझ्या अंगात तुझ्याच टाकीचं पाणी हाय." तो हसला नाही, पण आई तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली. "एक काम कर. ह्ये सगळं लिव्ह. पेपरात नगं, पेपर भज्याला जातोय. दिवाळी अंकात लिव्ह, त्यो लोकं ठेवून देत्यात. तुझं गाव घाल. शेवाळ घाल. माझ्या टाक्या कशा होत्या त्ये घाल."

"घालतो."

"कशा होत्या?"

"स्वच्छ होत्या."

"मोठ्यानं बोल की, गल्लीत ऐकू जाऊ दे."

मी उभा राहून मोठ्यानं बोललो. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायांनी विड्या वळता वळता वर बघितलं आणि, कुठल्या टाक्या, कुणाच्या, काही न कळता मान डोलावली.

भरमाण्णा उठला. "आई, खराटा कुठाय?"

"कशाला रं?"

"त्या माणसाची वाट बघत बसलो तर गणपती शेवाळातच बशीवायला लागंल."

तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली, दारामागचा खराटा आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला, शिडी लावली आणि वर चढून टाकीत उतरला. नऊ वर्षांनी उतरत असेल, पण पाय कुठं ठेवायचा हे त्याला बघावं लागलं नाही. आतून खराट्याचा आवाज सुरू झाला. मागोमाग, घुमणाऱ्या आवाजात, मागच्या खेपेला टाकी धुऊन गेलेल्या माणसाला शिव्या.

मी अंगणात नुसताच उभा होतो. वरनं त्याचं डोकं बाहेर आलं.

"काय बघतोयस? बादली दे की वर!"

मी बादली दिली आणि शिडीखाली उभा राहिलो. गाळानं भरलेली पहिली बादली वरनं आली ती थेट माझ्या डोक्यावर. चुकून का मुद्दाम, ते मी विचारलं नाही.